अंगावर काढलेले दुखणे

डॉ. आनंदीबाई जोशी यांची ओळख पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक अशी आहे. अवघ्या २१ वर्षांच्या त्यांच्या आयुष्यात डॉक्टर होणे जेवढे मोठे, तेवढेच रुग्ण असणेही मोठे होते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी घरात लहानसहान दुखापतीसाठी वैद्याकडे जाण्याची रीत नव्हती. विळीने बोट कापले तर हळद दाबायची, चुलीशी भाजले तर कोरफडीचा गर लावायचा, मुका मार लागला तर आंबेहळद उगाळून लेप द्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचे. हे उपाय टाकाऊ नव्हते; त्यांतले काही अजूनही घरोघरी चालतात. मात्र त्यांच्याआड एक अलिखित नियम दडलेला होता. घरातल्या पुरुषाला ताप आला तर घर जागे राही, बाईने मात्र आपले दुखणे अंगावर काढायचे असे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नावाच्या मुलीच्या वाट्याला हा नियम फार लवकर आला.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात, आजोळी झाला. तिचे वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी कल्याणचे. घराणे एके काळचे सधन जमीनदार. पण यमुनेच्या जन्मापर्यंत त्या वैभवाला ओहोटी लागली होती. त्या काळी कल्याण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील जुनी पेठ, आणि मुरबाड, शहापूर या डोंगराकडच्या तालुक्यांना जवळ असलेले मोठे गाव. १८५४ मध्ये मुंबईहून आगगाडी कल्याणला पोचली. पुढल्या सात वर्षांत लोहमार्ग शहापूरच्या मुलखातून थेट कसाऱ्यापर्यंत गेला. मुरबाडकरांची वाट मात्र बैलगाडीचीच राहिली. मुंबईत १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू होते. म्हणजे नवे वैद्यक नकाशावर कल्याणपासून फारसे दूर नव्हते. दूर होते ते माजघर. तिथे डॉक्टर पोचत नसे, कारण डॉक्टर हा पुरुष असे. आणि परपुरुषाला नाडीसाठी हात देणेदेखील अनेक घरांत बाईला संकटासारखे वाटे.

यमुनेची आई गंगाबाई कडक स्वभावाच्या होत्या. आनंदीबाईंनी मोठेपणी आपल्या बालपणाविषयी जे लिहिले ते वाचताना अंगावर काटा येतो. आईने मायेने बोलल्याचे त्यांना आठवत नव्हते. शिक्षा करताना आईचे दोरीने किंवा वादीने भागत नसे; दगड, काठ्या आणि जळते निखारे यांचाही वापर होई, असे त्यांनी नमूद केले आहे. त्या काळी मुलांना बडवणे हा संगोपनाचाच भाग मानला जाई, हे खरे असले तरी निखाऱ्याने त्वचा भाजते ती कोणत्याही काळात सारखीच. अशा भाजण्यासाठी कोणाकडे दाद मागायची सोय नव्हती. ज्या हाताने जखम केली त्याच हाताने औषध लावायचे, अशी ती व्यवस्था.

वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, यमुनेचे लग्न गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात नोकरीला, बिजवर आणि वयाने तिच्याहून कितीतरी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. बायकोला शिकवण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. पुढच्या पिढ्यांना त्यांची ओळख आहे ती एक विक्षिप्त पण ध्येयवेडा नवरा म्हणून. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीने आणि तिच्यावरील नाटकाने ही प्रतिमा मराठी मनात पक्की केली; २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. इतरांच्या घरी बायको स्वयंपाक करत नाही म्हणून मार खाई, गोपाळरावांच्या घरी ती अभ्यास सोडून स्वयंपाक करते म्हणून मार खाई, असा किस्सा कौतुकाने सांगितला जातो. त्यातला विरोधाभास गमतीचा वाटतो, आणि त्या गमतीत मार मागे पडतो.

आनंदीबाईंनी मात्र तो मागे पडू दिला नाही. अमेरिकेत शिकत असताना नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी सगळा हिशेब मांडला. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी झालेली मारहाण, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षीच्या चमत्कारिक शिक्षा, सारे वयानुसार नोंदवलेले. एखादा वैद्य रुग्णाचा पूर्वेतिहास लिहून घेतो तसे ते लिहिणे आहे. त्यात आक्रस्ताळेपणा नाही. हे वागणे चांगले की वाईट, याचे उत्तर त्यांनी दुपदरी दिले: अंतिम हेतू पाहता ते योग्य ठरले असेल, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहता ते चुकीचेच होते. हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार नसतो, त्याला हवे ते करू देऊन गप्प राहण्याचा तेवढा असतो, हेही त्यांनी त्याच पत्रात बजावले. गोपाळराव नसते तर आनंदीबाई अमेरिकेला गेल्या नसत्या, यात शंका नाही. त्या उपकाराच्या जमाखर्चात त्या फेकलेल्या खुर्चीचीही नोंद हवी, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्या काळात अशी अर्भके घरोघरी जात. माणसाला होणारी पहिली जखम म्हणजे नाळ कापल्याची. ती कशाने कापली, तिच्यावर काय लावले, सुईणीचे हात कसे होते, यावर कित्येक बाळांचे जगणे अवलंबून असे. त्या जखमेतून शिरणारा धनुर्वात पहिल्या दोन आठवड्यांतच मूल नेई आणि घरचे लोक सटवाईला किंवा बाहेरच्या बाधेला दोष देत. धनुर्वाताचा जंतू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १८८० च्या दशकात. त्यावरची प्रतिविषाची वाट १८९० मध्ये उघडली. भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची जागतिक मान्यता मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. चुलीजवळच्या साध्या जखमेचे शास्त्र इतके लांबचे निघाले.

आनंदीबाईंची समजूत अशी होती, की वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर आपले मूल वाचले असते. त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले त्याचे मूळ याच समजुतीत सांगितले जाते. पण त्याला बाळंतिणीचीही बाजू आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीरावर बाळंतपणाने काय ओढवले असेल, याची चौकशी करणारे तिच्या भोवती कोणी नव्हते. पुढे त्यांच्या पाठीस लागलेली दुखणी पाहता ती चौकशी व्हायला हवी होती, असे वाटत राहते.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता. कोल्हापुरात असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याने तो आपल्या नियतकालिकात छापला. धर्मांतराची अपेक्षा त्याने लपवली नव्हती. हा अंक १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर या बाईंच्या हाती पडला, आणि तोही कुठे, तर दंतवैद्याच्या दवाखान्यात, आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना. दुखऱ्या दाताने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल. कारपेंटरबाईंनी पत्र लिहिले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि काही काळातच अमेरिकेतली ही बाई त्यांची मावशी झाली.

त्या पत्रव्यवहाराचा एक भाग प्रकृतीचा आहे. कलकत्त्यात असताना आनंदीबाईंना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे असा त्रास होई. कारपेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही. पण घटना मोठी सूचक आहे. कलकत्ता ही त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी. तिथे मेडिकल कॉलेज होते, इस्पितळे होती, नामांकित डॉक्टर होते. त्या शहरात राहणारी एक मराठी बाई आपले दुखणे सांगत होती ते सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या स्त्रीला, आणि औषधाची पुडी येत होती टपालाने. नवरा टपाल खात्यात असणे इथे कामी आले असावे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केले. वय अठराही पूर्ण नव्हते. अमेरिकेला का जाते, इथेच का शिकत नाही, एकटी कशी जाते, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय, या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्याचा गाभा. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी त्यांनी जो अर्ज केला त्यात त्यांच्या आयुष्याचा सारा युक्तिवाद आहे. आपल्या देशातील गरीब, पीडित स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत हवी आहे, पण ती पुरुष डॉक्टरच्या हातून घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील, असे त्यांनी लिहिले. यात अतिशयोक्ती नव्हती. औषध नसणे हा एक प्रश्न आणि औषध असूनही दुखते कुठे हे सांगता न येणे हा दुसरा, तितकाच जीवघेणा. हा दुसरा प्रश्न आनंदीबाईंनी अचूक पकडला होता. त्यांच्या माहेरच्या जिल्ह्यात तो अजून पुरता सुटलेला नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय झाले, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय झाले, प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. तरी पायातला घाव किंवा भाजलेला हात भाताची लावणी आटोपेपर्यंत फडक्यात गुंडाळून ठेवणारी बाई तिथल्या पाड्यांवर नवलाची नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा कार्यकर्ती नेमल्या गेल्या. गावातल्या बाईने गावातल्याच बाईला विचारावे, ही त्यामागची कल्पना. आनंदीबाईंच्या अर्जाशी तिचे नाते सरळ आहे.

हे कॉलेज १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी निघालेले. जगातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी एक. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि पुढे मुलीसारखे जपले. अभ्यास जमला, हवा मानवली नाही. कल्याणच्या दमट उष्म्यात आणि बंगालच्या उकाड्यात वाढलेल्या शरीराला फिलाडेल्फियाचा हिवाळा सोसवेना. सुरुवातीच्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडे, न पेटवावी तर थंडी. दोहोंतून एकच निवडायचे. जेवण शाकाहारी, तेही बहुधा स्वतः रांधलेले. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहून गारठत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. धर्म राखणे आणि प्रकृती राखणे यांतली ओढाताण रोजचीच होती, आणि दरवेळी तडजोड प्रकृतीनेच केली. शेवटी बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी राहायला नेले. वैद्यक शिकणारी मुलगी आणि तिच्या भोवती शिकवणाऱ्या डॉक्टर बायका, तरीही दुखणे दाबून ठेवण्याची लहानपणीची सवय सुटली नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंसोबत जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आहेत, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. चेहऱ्यावर हसू नाही. त्या काळच्या छायाचित्रांत ते नसेच.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाच्या आईने हा विषय निवडावा, यावर वेगळे भाष्य नको. पदवीदान समारंभाला गोपाळराव हजर होते, इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. वर्षभराने रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक निघाले ते बॉडलीबाईंची प्रस्तावना घेऊन. तोवर आनंदीबाई गेल्या होत्या.

त्यांना क्षय झाला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये, आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधी, जगापुढे मांडला होता. रोगाचे कारण कळले होते, औषध नव्हते. ते स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने हाती यायला १९४० च्या दशकाची वाट पाहावी लागली. तोपर्यंत उपाय म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. आनंदीबाईंना यातले एकही धड मिळाले नव्हते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमण्याचे ठरवले होते. १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या गोपाळरावांबरोबर मुंबईला उतरल्या त्या मात्र जवळजवळ अंथरुणाला खिळूनच. त्याच वर्षी मुंबईत स्त्री डॉक्टरांच्या हाती असलेले कामा रुग्णालय सुरू झाले होते, आणि कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकाची परीक्षा देऊन बाहेर पडल्या होत्या. ज्या गरजेसाठी आनंदीबाई एकट्या निघाल्या होत्या ती भागवायला चहूबाजूंनी सुरुवात झाली होती.

पुण्यात त्यांच्यावर उपचार झाले. त्यांत आयुर्वेदाची औषधेही होती. जे मिळेल ते करून पाहण्याची वेळ होती. ज्यांनी पूर्वी टीका केली होती तेही भेटायला येऊ लागले. हवापालट, पथ्य, काढे यांतून काही साधले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर असताना, आनंदीबाई पुण्यात वारल्या. एकाही रुग्णाची नाडी त्यांना आपल्या देशात डॉक्टर म्हणून पाहता आली नाही.

दुसऱ्याच वर्षी बोस्टनच्या कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे मराठीतले हे फार आरंभीचे उदाहरण. मारहाणीचा तपशील मात्र मराठी वाचकांच्या चर्चेत बराच काळ दबकाच राहिला. पत्रे बारकाईने वाचणाऱ्या अलीकडच्या अभ्यासकांनी, विशेषतः मीरा कोसंबी यांनी, तो पुढे आणला.

गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी कारपेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कारपेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद तिथल्या दगडावर आहे.